‘सिंधुदुर्ग’ स्क्रीनवर का फुटतो?

आजची गजाल एका शब्दापासून सुरू करूया. सिंधुदुर्ग. तुमच्या फोनवर हा शब्द आत्ता नीट दिसतोय ना? म्हणजे ‘स’च्या आधी पहिली वेलांटी, वर अनुस्वार, आणि शेवटच्या ‘ग’च्या डोक्यावर रफार? (आजचा भाग नुसता ऐकू नका, हा लिहिलेला मजकूर समोर ठेवा. अक्षरं बघितल्याशिवाय यातली मजा कळणार नाही.)

वीस वर्षांपूर्वी हाच शब्द कितीतरी कॉम्प्युटरवर फुटायचा. वेलांटी ‘स’च्या मागे जाऊन बसायची. रफार वर चढायचाच नाही, ‘र’ला पायमोडका लावून तो ‘ग’च्या शेजारी उभा राहायचा. कधी शब्दच नाही, नुसत्या चौकोनांची रांग. आणि आपल्या जिल्ह्याची गंमत अशी, की इथली निम्मी गावं मुद्दाम परीक्षा घ्यायला ठेवल्यासारखी आहेत. तारकर्ली, वेंगुर्ला, सर्जेकोट, चिंदर, तोंडवळी. नुसतं ‘मालवण’ बिचारं सरळ, चार अक्षरं आणि एक काना.

लॅपटॉपचा डिस्प्ले बिघडला की आपण आधी कशाकडे बघतो? उभ्या रेघा, लुकलुकणं, अर्धा पडदा काळा. तो बिघाड ओळखायची एक सोपी युक्ती आहे, ती आधी सांगून टाकतो. स्क्रीनशॉट काढा आणि फोनवर पाठवा. फोनवर रेघा दिसल्या तर दोष आतल्या ग्राफिक्सचा किंवा ड्रायव्हरचा. फोनवर चित्र स्वच्छ दिसलं तर दोष पडद्याचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलचा. झाकण पुढेमागे केल्यावर रेघा बदलत असतील तर बहुतेक केबलच. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना खाऱ्या हवेचं वेगळं सांगायला नको. दरवाजाच्या कड्यांचं जे होतं तेच आतल्या पिनांचं होतं. पण हा सगळा बिघाड पैसे मोजले की सुटतो. पडदा बदलला, केबल बदलली, काम झालं.

मराठी अक्षरं फुटतात तो बिघाड तसा नाही. तिथे पडदा ठणठणीत असतो. आजचा भाग त्याच बिघाडाच्या इतिहासावर आहे. तो इतिहास आपल्याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याच्या एका माणसापासून सांगता येतो, म्हणून मला तो जास्त आवडतो.

देवगड तालुक्यातलं पोंभुर्ले म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं. एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. ती तारीख महाराष्ट्रात आजही पत्रकार दिन म्हणून पाळतात. पण मला इथे त्यांचं दुसरं एक काम आठवतं. १८४५ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शिळाछाप प्रत काढली. शिळाछाप म्हणजे काय, तर लेखनिकाने सुबक हाताने लिहिलेलं पान दगडावर उतरवायचं आणि दगडावरून कागदावर छापायचं. त्यात खिळे जुळवायचा प्रश्नच येत नाही. वेलांटी जिथे हाताने काढली तिथेच छापली जाते.

का करत असतील लोक असं? कारण खिळ्यांची छपाई ही इंग्रजीसारख्या लिपीसाठी बनलेली. तिथे एक अक्षर, एक खिळा, पुढचं अक्षर, पुढचा खिळा. आपलं तसं नाही. आपल्यात अक्षर वर जातं, खाली जातं, मागे येऊन चिकटतं, दुसऱ्याच्या पोटात शिरतं. ‘क्ष’ वेगळा, ‘द्म’ वेगळा, ‘र्ग’ वेगळा. जुळाऱ्यापुढे शेकडो खिळ्यांची घरं. विसाव्या शतकात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना लिपीशुद्धीच्या मागे लागले, ‘इ’ऐवजी ‘अि’, ‘उ’ऐवजी ‘अु’ लिहा म्हणाले, त्यामागेही हेच दुखणं होतं. यंत्राला आपली लिपी झेपत नाही, मग लिपीच यंत्राजोगी करू. (तेव्हा आपण रत्नागिरी जिल्ह्यातच होतो बरं का. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला.) ती सुधारणा काही रुजली नाही. लोकांनी लिपी बदलली नाही, यंत्रालाच फसवायचे मार्ग शोधले.

एकदा हा धागा हातात आला की पुढचं सगळं त्यावर ओवता येतं. शिळाछाप म्हणजे त्या काळचा स्क्रीनशॉट. दिसायला बिनचूक, पण ते चित्र. त्यातला शब्द उचलून दुसरीकडे लावता येत नाही.

कॉम्प्युटर आल्यावर हाच पेच नव्याने उभा राहिला. कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. आणि सुरुवातीला आकडे ठरवले होते ते इंग्रजीपुरते. मग मराठीला आकडे कुठले द्यायचे?

एक उत्तर सरळ होतं आणि ते आपल्याच देशात निघालं. आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्यांवर काम झालं, आणि १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक स्थापन झाल्यावर ते तिथे पुढे गेलं. मोहन तांबे हे त्यातलं मोठं नाव. त्यांचं ‘जिस्ट कार्ड’ पीसीच्या आत बसवलं की डॉसचे काळ्या पडद्याचे प्रोग्रॅमसुद्धा मराठी दाखवायचे. सोबत इस्की नावाची सांकेतिक पद्धत आली, भारतीय मानक ब्युरोने ती १९९१ मध्ये प्रमाण केली. तिच्यातली कल्पना मला अजूनही फार हुशारीची वाटते. ‘क’चा आकडा सगळ्या भारतीय लिप्यांना एकच. देवनागरीत दाखवा, कन्नडमध्ये दाखवा, साठवलेलं तेच. आणि साठवायचं ते उच्चाराच्या क्रमाने. ‘सि’ म्हणताना आधी स, मग इ. मग साठवतानाही आधी ‘स’, मग वेलांटी. वेलांटी डावीकडे काढायची हे काम दाखवणाऱ्याचं. साठवणं वेगळं, दाखवणं वेगळं.

दुसरं उत्तर होतं जुगाडाचं, आणि खरं सांगायचं तर गावोगावी जिंकलं ते हेच. इंग्रजी अक्षरांचेच आकडे वापरायचे, फक्त फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी तुकडा काढून ठेवायचा. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, अशी त्या काळच्या कुठल्याही डीटीपीवाल्याला पाठ असलेली नावं. कृतिदेवची मांडणी जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरवरून आलेली. त्यात ‘मालवण’ कसं लिहायचं? ई, के, वाय, ओ, मग टिंब, मग परत के. कॉम्प्युटरला विचारलंत तर तो शपथेवर सांगेल की ही सहा इंग्रजी चिन्हं आहेत. मराठी फक्त आपल्या डोळ्यांना दिसतं.

‘सिंधुदुर्ग’ तर बघण्यासारखा आहे. कृतिदेवमध्ये तो वेलांटीपासून सुरू होतो, कारण ती डावीकडे दिसते, आणि रफारावर संपतो, कारण तो शेवटी टंकायचा. म्हणजे ‘र’ हा ‘ग’च्या नंतर! तुकडे एकूण दहा. युनिकोडमध्येही दहाच, पण क्रम बोलण्याचा: स, वेलांटी, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, पायमोडका, ग. दोन्हीकडे दहा तुकडे, आणि तरीही एकातून दुसऱ्यात जायला नुसती अदलाबदल पुरत नाही, रांगच नव्याने लावावी लागते.

या जुगाडाला नावं ठेवायला मी तयार नाही. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका, दशावताराची जाहिरात, जत्रेचं हँडबिल, साप्ताहिक, सगळं यावर निघालं. लोकांना छापून हवं होतं आणि छापून मिळालं. शिळाछापीसारखंच, कागदावर उतरलं की काम संपलं.

पण काम संपलं नव्हतं, कारण फायली मागे राहिल्या.

मागच्या वर्षी माझ्याकडे अशी एक सीडी आली. मालवण तालुक्यातल्या एका गावाची स्मरणिका, २००३ सालची. आतमध्ये रापणीवर काम केलेल्या सात-आठ म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, त्यांच्याच मालवणीत. रापण म्हणजे किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचं मोठं जाळं. मुलाखती दिलेल्यांपैकी आता कोणी हयात नाही. छापील प्रती पाहिल्या तर एक सापडली, तिची मधली पानं वाळवीने खाल्लेली. सीडी मात्र चालली. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा खच, मध्येच उद्गारचिन्हं, टिंबं, कंस.

पहिला प्रश्न, हा बिघाड कुठल्या जातीचा? इथे मला वाटतं प्रत्येकाला चार-पाच खुणा माहीत असाव्यात. नुसते चौकोन दिसले तर मजकूर शाबूत आहे, तुमच्याकडे फॉन्ट नाही, एवढंच. या चौकोनांना टोफू म्हणतात, आणि गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टचं नाव ‘नो टोफू’वरूनच आलंय. वेलांटी चुकीच्या बाजूला आणि पायमोडके उघडे दिसले तर आकडे बरोबर आहेत, अक्षरं जोडणारं सॉफ्टवेअर झोपलंय. टिंबांचं वर्तुळ दिसलं तर मात्रेला बसायला अक्षर सापडलेलं नाही, क्रम चुकलाय. ‘ए’च्या डोक्यावर तिरकी रेघ असलेलं विचित्र अक्षर दर दोन-तीन चिन्हांमागे येत असेल तर तो युनिकोडच आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. आपलं प्रत्येक अक्षर त्यात तीन बाइटचं असतं, आणि त्या तिघांची तीन वेगळी चिन्हं झालेली असतात. हे सगळे बरे होणारे आजार. पण ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं दिसली, तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने मराठी न कळल्यामुळे प्रत्येक अक्षराच्या जागी खरंखुरं प्रश्नचिन्ह साठवून टाकलंय. त्यातून परत काहीच काढता येत नाही.

आमच्या सीडीवर प्रश्नचिन्हं नव्हती. सीडी बनवणाऱ्या डीटीपीवाल्या काकांकडचा कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला होता, फॉन्टही गेला. मग आम्ही वाळवीने सोडलेली पानं घेतली आणि सगळ्यात जास्त वेळा काय येतंय ते शोधत बसलो. ई-के-वाय-ओ-टिंब-के. पानागणिक. गावाचं नाव सापडल्यावर घराणं कळलं, कृतिदेवच्याच कुळातला फॉन्ट. त्यापुढे रूपांतर करणारं सॉफ्टवेअर वापरता आलं आणि दहा मिनिटांत चाळीस पानं मराठी झाली. ‘रापण’ हा शब्द पडद्यावर पहिल्यांदा नीट उमटला तेव्हा आम्ही तिघेजण टाळ्या वाजवत होतो, आता हसू येतं.

मग वाचायला बसलो आणि लक्षात आलं की दर्या आणि दऱ्या एक झालेत.

हे जरा सावकाश सांगतो. मराठीत ‘र’ला ‘य’ दोन प्रकारे जोडला जातो. दर्या म्हणजे समुद्र, तिथे रफार वर. दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन, तिथे ‘र’ची आडवी पापणी. आपल्याकडे एसटीच्या पाटीवरच दोन्ही भेटतात: वेंगुर्ल्याला जायचं तर रफार, आचऱ्याला जायचं तर पापणी. हिंदीत ही पापणी लागत नाही. आणि रूपांतर करणारं सॉफ्टवेअर हिंदी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असलं, तर ते सगळ्याच ठिकाणी रफार चढवतं. आचऱ्याचा रामेश्वर त्याच्या हिशेबी ‘आचर्याचा’. समुद्रावरच्या मुलाखतींत हा घोळ किती वेळा येईल विचार करा. तो यंत्राने दुरुस्त झाला नाही. ओळ अन् ओळ वाचून करावा लागला, आणि तोही मालवणी कळणाऱ्यानेच.

युनिकोडने या पापणीला जागा दिली आहे, ‘र’खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि पायमोडका असं लिहायचं. पण तीच पापणी ‘र’, पायमोडका आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशीही काढता येते. दोन्ही दिसायला हुबेहूब. शोधायला गेलात तर बऱ्याचदा एक सापडते, दुसरी नाही. ‘गोऱ्हे’ आडनावाचा माणूस यादीत असूनही सापडत नाही, तो असा. ‘ॲ’चीही तीच कथा. ॲप, ॲडव्होकेट मधला हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र बसवायला धडपडायचे आणि टिंबांचं वर्तुळ मिळायचं. कोणी अदृश्य जोडचिन्ह घालून चंद्र बसवला, कोणी हिंदीतला ‘ऍ’ घेतला. तिन्ही आज इंटरनेटवर सुखाने नांदतायत.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मधली. भारतीय लिप्यांसाठी तिने इस्कीचाच आराखडा उचलला, म्हणून आपल्या लिप्यांचे रकाने एकमेकांसारखे लागलेत. देवनागरीला मिळाले १२८ खण, २३०४ पासून २४३१ पर्यंत. तुमचा ‘स’ आहे २३६०. पण आकडे ठरले म्हणून दिसायला लागलं असं नाही. विंडोज २००० मध्ये अक्षरं जोडणारं यंत्र आणि ‘मंगल’ हा फॉन्ट आला. मंगल काढला र. कृ. जोशींनी, आयआयटी मुंबईत शिकवलेले सुलेखनकार आणि कवी. त्यांचं २००८ मध्ये निधन झालं. ज्याला आपण ‘तो साधा सरकारी फॉन्ट’ म्हणतो तो एका सुलेखनकाराच्या हातचा आहे, हे कळल्यापासून मी त्याला नावं ठेवणं बंद केलंय. (तरी ओळींमधलं अंतर जरा जास्तच आहे, असं माझं अजून मत आहे.)

विंडोज एक्सपीत मात्र हे सगळं असूनही बंद ठेवलेलं होतं. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एक खूण करायची, विंडोजची सीडी घालायची, मग जोडणी चालू. सीडी नसली की बसा. सिंधुदुर्ग फुटायचा तो मुख्यतः याच काळात. व्हिस्टापासून ती कटकट गेली.

फोनवर तीच लढाई परत झाली. सुरुवातीच्या अँड्रॉइडवर मराठी म्हणजे चौकोन. तेव्हा ऑपेरा मिनीत एक छुपी सेटिंग होती: पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा, कोलन, कॉन्फिग’ असं टंकायचं आणि क्लिष्ट लिप्या चित्ररूपात दाखव असं सांगायचं. मग तिकडच्या सर्व्हरवरून अक्षरांची चित्रं यायची. बघा, परत शिळाछाप! तुमच्यातल्या ज्यांचा पहिला फोन २०१५ नंतरचा, त्यांना हे बघायलाही मिळालं नाही. पण फेब्रुवारी २०१८ आठवत असेल कदाचित, तेलुगूतलं एक जोडाक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनचं ॲप कोसळायचं. अक्षर जोडणाऱ्या यंत्रातलीच चूक, ॲपलने काही दिवसांत ११.२.६ काढून मिटवली. देवनागरीतही ‘र’ विशिष्ट तऱ्हेने जोडला की तेच होत होतं. पुन्हा ‘र’च!

आमच्या स्मरणिकेचं काम चार महिने चाललं. ‘आचऱ्याच्या’ पापण्या लागल्या, दर्या जागेवर आला. एक मुलाखत मात्र अर्धीच राहिली. ती वेगळ्या फाइलमध्ये होती, कोणीतरी मधल्या काळात ती ईमेलने पाठवण्यासाठी युनिकोडमध्ये केली होती आणि मराठी न कळणाऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅममधून साठवली होती. शेवटची दोन पानं प्रश्नचिन्हं. छापील प्रतीत नेमकी तीच पानं वाळवीची. त्या आजोबांनी दर्यातल्या वाऱ्यांची नावं सांगायला सुरुवात केली होती, तीन नावं वाचता येतात.

त्यामुळे मेमध्ये गावी जाल तेव्हा एवढं करा. माळ्यावरच्या, कपाटातल्या सीड्या आणि फ्लॉप्या बाहेर काढा. फाइल विचित्र दिसली तर ‘सेव्ह’ दाबू नका, आधी जशीच्या तशी प्रत करा. जुना कॉम्प्युटर अजून चालू होत असेल तर विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधले सगळे फॉन्टही उचला, किल्ली तीच आहे. छापील प्रत असेल तर प्रत्येक पानाचा फोटो. आणि घरात मोडीतले कागद निघाले तर त्यांच्यासाठीही आता खण आहेत, मोडी युनिकोडमध्ये २०१४ ला आली. तिचे चौकोन दिसले तर घाबरू नका, फॉन्ट टाका.

कुणाकडे रापणीच्या वाऱ्यांची नावं माहीत असलेलं माणूस असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. नाव, गाव आणि वय सांगायला विसरू नका. पुढच्या भागात ते तीन वारे आणि तुमच्याकडून आलेले बाकीचे.